काउन्सिलचा पार्किंग दंड आणि बेलीफची फी: हिशोब कसा तपासायचा, जास्तीचे पैसे परत कसे मागायचे (इंग्लंड-वेल्स)

थेम्सकाठ | 4 फेब्रुवारी 2024

70 पौंडांचा पार्किंगचा दंड 424 पौंडांवर कसा जातो, हे बहुतेकांना गाडीला जॅमर लागल्यावरच कळतं. त्या वेळी माणूस गांगरलेला असतो, समोरचा कार्डमशीन पुढे करतो आणि हिशोब न बघता पैसे जातात. यातली फी बेलीफच्या, म्हणजे थकलेला दंड वसूल करायला येणाऱ्या परवानाधारक माणसाच्या, मर्जीवर नाही. 2014 च्या फी नियमांनी ती टप्प्याटप्प्याने बांधून दिली आहे, त्यामुळे कुठला आकडा योग्य आणि कुठला उगाच चढवलेला हे कागदावर दाखवता येतं. त्यासाठी हा धागा काढतोय.

आधी मूळ रक्कम. लंडनबाहेर वरच्या श्रेणीचा पीसीएन (पेनल्टी चार्ज नोटीस, म्हणजे काउन्सिलची, स्थानिक पालिकेची, दंडाची नोटीस) 70 पौंडांचा असतो, 14 दिवसांत भरला तर निम्मा. 28 दिवसांत काहीच केलं नाही तर गाडीच्या नोंदणीच्या पत्त्यावर 'नोटीस टू ओनर' येते. तिलाही 28 दिवसांत उत्तर गेलं नाही तर 'चार्ज सर्टिफिकेट' निघतं आणि दंड दीडपट होतो, म्हणजे 105. त्यानंतर 14 दिवसांत पैसे आले नाहीत तर काउन्सिल नॉर्थॅम्प्टनच्या ट्रॅफिक एन्फोर्समेंट सेंटरमध्ये, म्हणजे टीईसीमध्ये, रकमेची नोंद करतं. त्याची फी 9 पौंड (फेब्रुवारी 2024 चा दर). झाले 114. इथे 'ऑर्डर फॉर रिकव्हरी' येते आणि तुम्हाला 21 दिवस मिळतात. तेही गेले की वॉरंट निघतं आणि प्रकरण बेलीफ कंपनीकडे जातं.

आता बेलीफची फी (फेब्रुवारी 2024 चे आकडे). टप्पे तीन.

पहिला, कम्प्लायन्स: 75 पौंड. प्रकरण कंपनीकडे आलं की लागतात. पत्रं, फोन, एसएमएस सगळं यातच आलं. 'पत्राचे 15 पौंड वेगळे' असं काही नसतं.

दुसरा, एन्फोर्समेंट: 235 पौंड. बेलीफ जागेवर पहिल्यांदा आला की लागतात. तो पाच वेळा आला तरी एकदाच.

तिसरा, विक्री: 110 पौंड. माल विक्रीच्या जागी न्यायला बेलीफ पहिल्यांदा आला की लागतात.

वसूल करायची रक्कम 1,500 पौंडांच्या वर असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात वरच्या रकमेवर साडेसात टक्के जास्तीचे. एका पार्किंग दंडात तो प्रश्नच येत नाही, त्यामुळे एकाच पीसीएनवर टक्केवारी लावलेली दिसली तर तिथेच बोट ठेवा.

म्हणजे 114 + 75 = 189, भेट झाली तर 424. याच्या वर जो आकडा असेल त्याचं कारण कंपनीने द्यायचं. पहिलं काम एकच: कंपनीला ईमेल करून तारखांसह फोड मागा. कोणता टप्पा, कोणत्या तारखेला सुरू झाला, कशाच्या आधारावर. फोनवर बोलू नका, लेखी मागा.

---

सह्यकडा | 4 फेब्रुवारी 2024

उत्तम धागा. एक भर घालतो, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. सुपरमार्केट, हॉस्पिटल किंवा मोटरवे सर्व्हिसेसच्या आवारातली खाजगी कंपनीची पार्किंग चार्ज नोटीस म्हणजे हा दंड नव्हे. तिच्यामागून येणारी पत्रं वसुली एजन्सीची असतात आणि त्यांना बेलीफचे कसलेही अधिकार नसतात. जॅमर लावता येत नाही, 75 किंवा 235 लावता येत नाहीत. काउंटी कोर्टाचा निवाडा झाला तरच पुढचा प्रश्न, आणि त्याची वाट वेगळी आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाचा दंडही वेगळा, तिथे बेलीफचे अधिकार जास्त आहेत. स्कॉटलंडचा कायदा पूर्ण निराळा. आधी कागदावर कोणाचं नाव आहे ते वाचा: काउन्सिल, ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, खाजगी कंपनी की कोर्ट.

---

पिंपळपान | 4 फेब्रुवारी 2024

फोड मागितल्यावर आलेल्या कागदात नेहमी दिसणाऱ्या चुकीच्या रकमा कोणत्या? नमुना म्हणून एक हिशोब टाकते, नातेवाइकांच्या नोटिशीवरचा:

तीन पीसीएन, 342
कम्प्लायन्स, 225
एन्फोर्समेंट, 705
विक्री टप्पा, 110
कार्ड फी, 7
टो ट्रक, 150
एकूण 1,539

तिन्ही वॉरंट एकाच कंपनीकडे, भेट एकच, गाडीला जॅमर लावला पण नेली नाही.

---

थेम्सकाठ | 5 फेब्रुवारी 2024

@पिंपळपान, ओळीने घेऊ.

342 बरोबर, 114 च्या तिप्पट. 225 सुद्धा नियमात बसतं, पहिल्या टप्प्याची फी दर वॉरंटमागे घेता येते.

705 मोठी चूक आहे. एकाच माणसाविरुद्ध अनेक वॉरंट असतील आणि ती एकाच वेळी बजावणं वाजवी रीतीने शक्य असेल, तर बेलीफने ती एकत्रच बजावायची आणि 235 एकदाच घ्यायचे. फी नियमांतला 11 वा नियम हेच सांगतो. कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, 'प्रकरणं वेगवेगळ्या तारखांना आमच्याकडे आली'. ते खरं असलं तरी तिन्ही वॉरंट भेटीच्या दिवशी हातात होती का, हा खरा प्रश्न. भेट एकच झाली म्हणजे हातात होती. 470 परत मागा.

110: नुसता जॅमर लावणं म्हणजे विक्रीचा टप्पा नव्हे. माल विक्रीच्या जागी न्यायला कोणी आलं तरच तो सुरू होतो. 'ट्रक वाटेत होता' हे पुरेसं नाही. शिवाय जॅमर लावल्यावर गाडी किमान दोन तास तिथेच ठेवावी लागते. काचेवर चिकटवलेल्या सूचनेवर वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवा. ट्रक आल्याची वेळ आणि ती वेळ यांत दोन तास नसतील तर हा मुद्दा फार जोरदार ठरतो.

कार्ड फी: ग्राहकाच्या कार्डावर असा अधिभार घ्यायला 13 जानेवारी 2018 पासून बंदी आहे.

टो ट्रक 150: गाडी नेलीच नाही तर काहीच नाही. नेली असती तरी वाहून नेण्याचं काम टप्प्याच्या ठरलेल्या फीमध्येच येतं. वेगळा खर्च म्हणून घेता येतो तो साठवणुकीचा, कुलूपवाल्याचा आणि कोर्ट फीचा, तोही प्रत्यक्ष झालेला आणि वाजवी. पावती मागा.

म्हणजे बसणारा आकडा 342 + 225 + 235 = 802. जास्तीचे 737.

---

मिल्टनकीन्सकर | 5 फेब्रुवारी 2024

फीचा हिशोब बरोबर आहे, पण क्रम माझ्या मते चुकतोय. आधी बघायचं ते हे की वॉरंटच टिकतं का. मूळ ऑर्डर रद्द झाली की वॉरंट पडतं आणि 802 मधली बेलीफची सगळी फी पायाच उरला नाही म्हणून जाते. 737 साठी भांडताना हे हातचं सुटायला नको.

आपल्या लोकांचं नेहमीचं प्रकरण असं: भाड्याचं घर बदललं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नवीन पत्ता घातला, पण व्ही-5-सी म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता तसाच राहिला. ही दोन्ही कामं वेगवेगळी आहेत, एक केलं की दुसरं आपोआप होत नाही. नोटीस टू ओनर जुन्या घरी गेली, नव्या भाडेकरूने ती कचऱ्यात टाकली, आणि पहिली बातमी बेलीफकडून.

यासाठी टीईसीचे दोन फॉर्म, दोन्ही एकत्र पाठवायचे:

टीई-9 हे साक्षीचं निवेदन. त्यात चारच कारणं: नोटीस मिळाली नाही; हरकत घेतली होती पण नकाराचं पत्र आलं नाही; ट्रायब्युनलकडे (दंडावरची अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे) अपील केलं होतं पण उत्तर आलं नाही; किंवा दंड पूर्ण भरला होता. एकच कारण निवडायचं. 'पार्किंगची पाटी दिसत नव्हती' हे इथलं कारण नाही, ते लिहून फॉर्म वाया घालवू नका.

टीई-7 हा उशिराच्या परवानगीचा अर्ज, कारण 21 दिवस उलटून गेलेत. नकार येतो तो बहुतेक याच्यावर. इथे फक्त उशीर का झाला ते सांगायचं: अमुक तारखेला घर सोडलं, अमुक तारखेला नवीन घरी आलो, अमुक तारखेला बेलीफच्या पत्रावरून पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर लगेच हा अर्ज करतोय. सोबत भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल, शक्य असेल तर व्ही-5-सी बदलल्याचा पुरावा. 'मला माहीत नव्हतं' एवढी एक ओळ लिहून पाठवलेला अर्ज नाकारला जातो.

बस लेनचे काही दंड, कंजेशन चार्ज (मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचं शुल्क), लंडनमधले वाहतुकीचे काही नियमभंग यांना पीई-2 आणि पीई-3 लागतात, आणि पीई-3 शपथेवर करावं लागतं. कोणते फॉर्म ते ऑर्डरवर लिहिलेलं असतं, कंपनीला किंवा टीईसीला पीसीएन नंबर देऊन विचारलं तरी सांगतात.

टीईसीने अर्ज दाखल करून घेतला की निर्णय होईपर्यंत वसुली थांबते. अर्ज पाठवल्याची प्रत त्याच दिवशी कंपनी आणि काउन्सिल दोघांनाही पाठवा. दाखल झाल्याचा ईमेल आला की तोही पुढे पाठवा, नाहीतर बेलीफ 'आम्हाला कळवलेलं नाही' म्हणतो.

आणि खोटं लिहू नका. निवेदनाखाली सत्यतेची सही असते, खोटं सापडलं तर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते.

---

आंबोळी | 5 फेब्रुवारी 2024

अर्ज मान्य झाला की दंडच माफ होतो का?

---

मिल्टनकीन्सकर | 5 फेब्रुवारी 2024

नाही. ऑर्डर, चार्ज सर्टिफिकेट आणि वॉरंट रद्द होतं. नोटीस मिळाली नाही या कारणावर काउन्सिल नव्याने नोटीस टू ओनर काढू शकतं आणि प्रकरण 70 पौंडांवर परत येतं. तेव्हा पाटी दिसत नव्हती वगैरे मुद्दे मांडायचे, ट्रायब्युनलपर्यंत जाता येतं. नवीन नोटिशीला मात्र मुदतीत उत्तर द्या.

---

घाटमाथा | 6 फेब्रुवारी 2024

व्ही-5-सी न बदलणाऱ्यांना टीई-7 सोपा आहे असा समज होऊ नये. काउन्सिलने डीव्हीएलएकडे (गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) असलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवली म्हणजे त्यांचं काम झालं, असं काउन्सिल ठामपणे मांडतं आणि टीईसी ते बरेचदा मान्य करतं. नकार आला तर 14 दिवसांत एन-244 फॉर्मवर जिल्हा न्यायाधीशांकडे फेरविचार मागता येतो. त्याला कोर्ट फी लागते, उत्पन्न कमी असेल तर फी माफीचा अर्ज करता येतो. आणि तो अर्ज केला म्हणून वसुली थांबलेलीच राहील असं समजू नका.

म्हणून पत्त्याचा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही तपासा. वॉरंटवर कोणता पत्ता आहे? पत्ता बदललेला असेल तर काउन्सिलने टीईसीकडे नव्या पत्त्याचं वॉरंट मागून घ्यायचं असतं. आणि बेलीफने येण्याआधी 'नोटीस ऑफ एन्फोर्समेंट' द्यावी लागते, ती माणूस नेहमी राहतो किंवा धंदा करतो त्या जागी. ती फक्त जुन्या घरी गेली आणि बेलीफ गाडी शोधत थेट नव्या घरी आला, तर 235 ला हरकत घ्यायला भक्कम जागा आहे. कम्प्लायन्स टप्प्यात भरायची संधीच दिली नाही, हे शब्द पत्रात असू द्या.

नोटीस आणि भेट यांत सात पूर्ण दिवस हवेत. नोटिशीचा दिवस आणि भेटीचा दिवस दोन्ही सोडायचे, रविवार आणि बँक हॉलिडे मोजायचे नाहीत. ईस्टर आणि नाताळच्या सुमारास इथे चुका सापडतात. वॉरंटचं वयही बघा, ते 12 महिन्यांचं असतं.

---

रानजाई | 6 फेब्रुवारी 2024

गाडीला जॅमर लागलाय आणि सकाळी कामावर जायचंय, अशा वेळी काय करायचं? फॉर्म भरून टीईसीकडून उत्तर येईपर्यंत गाडी गेलेली असेल.

---

थेम्सकाठ | 6 फेब्रुवारी 2024

पैसे भरण्याची ऐपत असेल तर भरा, पण 'हरकत राखून भरतोय' असं आधी एसएमएस किंवा ईमेलने कळवा, फोडीसह पावती घ्या आणि मग भांडा. भरलं म्हणजे टीई-7 चा किंवा फीला हरकत घेण्याचा हक्क संपत नाही. साठवणुकीचा खर्च रोज चढतो, तो टाळणं महत्त्वाचं.

---

मिल्टनकीन्सकर | 6 फेब्रुवारी 2024

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. एकदा पैसे गेले की कंपनीला घाई उरत नाही, परतफेडीमागे महिनोन्महिने लागावं लागतं. ज्यांच्याकडे दुसरी गाडी आहे किंवा बसने जाता येतं त्यांनी त्याच दिवशी टीई-7 ईमेल करून कंपनीला प्रत पाठवावी. आणि गाडी नेली म्हणजे विकली असं होत नाही, विक्रीआधी किमान सात पूर्ण दिवस जावे लागतात आणि विक्रीची नोटीस द्यावी लागते. मात्र टीई-7 चा पाया कच्चा असेल, पुरावा हाताशी नसेल, तर थेम्सकाठ म्हणतात तेच बरोबर.

एका गोष्टीवर दोघांचंही एकमत असेल: जॅमर स्वतः कापायचा किंवा काढायचा नाही. तो गुन्हा आहे.

---

थेम्सकाठ | 6 फेब्रुवारी 2024

सहमत. आणखी एक फसवा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो: 'काउन्सिलच्या वेबसाइटवर 114 भरून टाका, बेलीफची फी आपोआप संपते'. संपत नाही. कमी रक्कम आली तर आधी कम्प्लायन्सचे 75 वळते होतात, मग उरलेलं दंड आणि बाकी फी यांत प्रमाणात वाटलं जातं. दंड थकीतच राहतो आणि वॉरंट चालूच.

---

निळावंती | 7 फेब्रुवारी 2024

उन्हाळ्यात सासू-सासरे किंवा आई-बाबा इकडे येतात, दिवसा घरी तेच असतात. त्यांनी दार उघडलं आणि बेलीफ आत आला तर?

---

घाटमाथा | 7 फेब्रुवारी 2024

पार्किंगच्या दंडासाठी बेलीफला दार फोडून घरात शिरता येत नाही. नेहमीच्या दारातून, शांतपणे, म्हणजे कोणी आत घेतलं किंवा दार उघडं, कुलूप न लावलेलं असलं तरच. वेळ सकाळी 6 ते रात्री 9. घरात फक्त 16 वर्षांखालचं मूल किंवा असहाय व्यक्ती असेल तर आत येऊन माल ताब्यात घेता येत नाही.

2014 च्या राष्ट्रीय मानकांत असहाय कोण असू शकतं याची यादी आहे: वृद्ध, गंभीर आजारी, अपंग, गरोदर स्त्रिया, नुकतंच घरात कोणी गेलंय ते, बेकार, आणि ज्यांना इंग्रजी समजायला, बोलायला किंवा वाचायला उघड अडचण आहे ते. इंग्रजी न येणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे थेट लागू होतं. त्यांना एवढंच सांगून ठेवा: साखळी न काढता बोला, आत घेऊ नका, कशावर सही करू नका, मुलाचा किंवा सुनेचा फोन नंबर असलेली चिठ्ठी दाखवा.

फीशी याचा संबंध असा: देणेकरी स्वतःच असहाय असेल आणि माल न्यायच्या आधी त्याला सल्ला-मदत घ्यायची पुरेशी संधी दिली नसेल, तर 235 वसूल करता येत नाहीत. जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र, औषधांची यादी, बाळंतपणाचे कागद, जे असेल ते काउन्सिललाही पाठवा आणि प्रकरण बेलीफ कंपनीकडून परत बोलवायची विनंती करा.

---

पिंपळपान | 7 फेब्रुवारी 2024

नवऱ्याच्या नावावरचा दंड आणि जॅमर बायकोच्या गाडीला, हेही पाहण्यात आहे.

---

सह्यकडा | 7 फेब्रुवारी 2024

तिसऱ्या व्यक्तीचा माल विकता येत नाही, पण सिद्ध तिने करायचं. व्ही-5-सी दाखवून भागत नाही, त्यावर नोंदणीधारक असतो, मालक नव्हे. खरेदीचं बिल आणि ते पैसे तिच्या खात्यातून गेल्याचं बँक स्टेटमेंट हवं. हप्त्यांवरची गाडी असेल तर फायनान्स करार जोडा आणि फायनान्स कंपनीलाही कळवा. गाडी नेली असेल तर सात दिवसांत लेखी दावा कंपनीकडे पोचला पाहिजे.

निळा बॅज लावलेली अपंग व्यक्तीची गाडी पूर्ण सूट. कामासाठी स्वतःला लागणारी साधनं, वाहन धरून, एकूण 1,350 पौंडांपर्यंत सूट. नुसतं ऑफिसला जाण्या-येण्यासाठीची गाडी यात बसवणं कठीण.

---

आंबोळी | 9 फेब्रुवारी 2024

कंपनीने 'आकारणी नियमानुसार आहे' एवढं एक वाक्य पाठवून हात वर केले तर पुढची पायरी?

---

थेम्सकाठ | 9 फेब्रुवारी 2024

काउन्सिल. बेलीफ त्यांच्या वतीने काम करतो, त्यामुळे त्याच्या वागण्याची आणि आकारणीची जबाबदारी काउन्सिलचीच. 'कंपनीशी बोला' असं ते म्हणतील. तेव्हा ही औपचारिक तक्रार आहे आणि तिला तक्रारीच्या सगळ्या पायऱ्यांतून उत्तर हवंय असं लिहा. पार्किंग विभागाला नव्हे, तक्रार विभागाला. पत्र एका पानाचं पुरतं: पीसीएन नंबर, भरलेली रक्कम आणि तारीख, प्रत्येक वादग्रस्त ओळीसमोर नियम, परत हवी असलेली नेमकी रक्कम. राग, अपमान, वेळ गेला वगैरे दुसऱ्या पानावर, नसलं तरी चालेल.

याच वेळी कंपनीकडे तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागा: कॉल रेकॉर्डिंग, भेटीच्या नोंदी, बेलीफच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण. फुकट असतं आणि एक महिन्यात द्यावं लागतं. चित्रण फार काळ ठेवत नाहीत, म्हणून पहिल्याच आठवड्यात मागा. भेट झालीच नव्हती, किंवा शेजारच्या दारावर झाली, असं यातूनच बाहेर येतं.

काउन्सिलच्या शेवटच्या उत्तराने समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी), फुकट, घटना कळल्यापासून 12 महिन्यांत. हे इंग्लंडसाठी, वेल्सचा ओम्बड्समन वेगळा.

कोर्टाचीही वाट आहे. एन-244 वर अर्ज करून न्यायाधीशांकडून फी ठरवून घेता येते. पण कोर्ट फी भरावी लागते आणि हरलात तर समोरच्याचा खर्च अंगावर येऊ शकतो. 110 पौंडांच्या वादासाठी तिथे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

---

घाटमाथा | 9 फेब्रुवारी 2024

ईएसी-2 नावाचा फॉर्मही सुचवला जातो. तो बेलीफ परवान्याला लायक आहे की नाही याची काउंटी कोर्टाकडे तक्रार करण्यासाठी आहे. खोटं सांगून आत शिरणं, धमकावणं, जाणूनबुजून बनावट आकारणी, असं पुराव्यासह असेल तरच वापरा. परवाना आहे की नाही ते न्याय मंत्रालयाच्या ऑनलाइन यादीत नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. दारात ओळखपत्र मागा आणि नाव लिहून घ्या.

---

रानजाई | 10 फेब्रुवारी 2024

या सगळ्याचा क्रेडिट स्कोअरवर परिणाम होतो का? घराचं कर्ज काढायचं असणाऱ्यांना हीच धास्ती असते.

---

मिल्टनकीन्सकर | 10 फेब्रुवारी 2024

टीईसीमधली नोंद काउंटी कोर्टाच्या निवाड्यांच्या नोंदवहीत जात नाही, त्यामुळे क्रेडिट फाइलवर दिसत नाही. काउन्सिलचा पीसीएन हा दिवाणी दंड आहे, गुन्ह्याची शिक्षा नव्हे. या भीतीपोटी चुकीची फी भरू नका.

---

पिंपळपान | 26 मार्च 2024

धागा वर काढते. वरच्या हिशोबातलं पत्र काउन्सिलच्या तक्रार विभागाला गेलं होतं. दुसऱ्या एन्फोर्समेंट फीपासून पुढचं सगळं, म्हणजे 470, 110, 7 आणि 150, परत करायचं कंपनीने लेखी मान्य केलं. 11 व्या नियमाची ओळ पत्रात जशीच्या तशी होती. पैसे ज्या कार्डावरून भरले त्यावरच येतात, म्हणून ते कार्ड बंद केलं असेल तर कंपनीला बँक खात्याचा तपशील आधी कळवा.